वेगळे काढण्याची विद्या



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते सर भौतिकशास्त्र शिकवत. यंत्र दाखवण्याआधी ते त्यामागची अडचण सांगत. ‘कोणाचं काय अडलं होतं म्हणून हे जन्माला आलं?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे. आज मी त्याच वाटेने जाणार आहे.

माझा विषय आहे मल्टिप्लेक्सर. दूरसंचार खात्यातली माणसं त्याला नुसतं ‘मक्स’ म्हणतात. एका बाजूने अनेक संदेश आत घ्यायचे, ते एकाच तारेवरून, एकाच काचतंतूतून किंवा एकाच रेडिओ लहरीवरून पाठवायचे आणि पलीकडच्या टोकाला ज्याचे त्याला देऊन टाकायचे, एवढंच त्याचं काम. आपल्या फोनवरचं प्रत्येक संभाषण वाटेत अशा कितीतरी पेट्यांमधून जातं. एक्सचेंजच्या बंद खोलीत त्या उभ्या असतात, म्हणून त्यांची कोणाला आठवण होत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. संदेश एकत्र करणं अवघड नाही. दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या की संदेश एकत्र होतात आणि त्यांचा गोंधळही होतो. खरी बुद्धी लागते ती पलीकडे ते पुन्हा वेगळे काढायला. आणि वेगळे काढायचे तर दोन्ही टोकांमध्ये आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. काय ठरवायचं, याच शोधात पावणेदोनशे वर्षं गेली आहेत.

अडचण होती तारेच्या किमतीची. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबईपासून एडनमार्गे सुएझकडे समुद्राखालून केबल टाकली. त्या काळी अशा केबलीसाठी कंपन्या उभारून भांडवल गोळा करावं लागे. जमिनीवरही शेकडो मैल खांब, चिनी मातीचे इन्सुलेटर, राखणदार असा सगळा पसारा. एवढ्या खर्चाच्या तारेवर बसणार कोण? तर मोर्सची कळ दाबणारा एक माणूस. त्याचा हात कितीही सराईत असला तरी मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांच्या फार पुढे जात नसे. दोन टिंबांच्या मधल्या वेळात ती महागडी तार रिकामी पडून राही. गर्दी वाढली की दुसरी तार ओढायची, हा एकच उपाय होता.

पहिला विचार आला तो एकाच तारेवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्याचा. व्हिएन्नाच्या युलिउस विल्हेल्म गिंटलने १८५३ मध्ये तो करून पाहिला. अडचण अशी की मी पाठवलेला प्रवाह माझंच ग्राहकयंत्र हलवणार आणि पलीकडून येणारं मला ऐकू येणार नाही. यावरचा तोडगा देखणा आहे. प्रवाहाचे दोन समान भाग करायचे. एक भाग खऱ्या तारेत सोडायचा आणि दुसरा टेबलावर मांडलेल्या एका खोट्या तारेत. खोटी तार म्हणजे खऱ्या तारेइतकाच अडथळा करणाऱ्या गुंडाळ्यांची पेटी. दोन्ही भाग ग्राहकयंत्राभोवती उलट दिशांनी फिरतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. पलीकडून येणारा प्रवाह मात्र एकाच बाजूने येतो, त्यामुळे तो यंत्र हलवतो. लांब तार विद्युतभार साठवून ठेवते आणि हा तोल बिघडवते. म्हणून बोस्टनच्या जोसेफ स्टर्न्सने १८७२ मध्ये खोट्या तारेत कंडेन्सर बसवले आणि तेव्हा कुठे ही पद्धत धंद्यात उतरली.

याच दशकात आपल्या तारखात्यात लुई श्वेंडलर नावाचा जर्मन विद्युततज्ज्ञ कलकत्त्यात काम करत होता. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या दुहेरी तारायंत्राच्या गणितावर लेख लिहिले. इथली अडचण युरोपपेक्षा वेगळी होती. पावसाळ्यात इन्सुलेटर भिजतात, खांबाखांबावर थोडा थोडा प्रवाह जमिनीत गळतो आणि खरी तार खोट्या तारेशी जुळेनाशी होते. सकाळी साधलेला तोल दुपारच्या सरीनंतर पुन्हा साधावा लागे. मल्टिप्लेक्सिंगच्या इतिहासात मान्सूनलाही जागा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. यंत्राचा सिद्धांत सगळीकडे एकच असतो, पण ते चालवायचं असतं आपल्या हवेत.

एडिसनने १८७४ मध्ये याच्यावर आणखी एक मजला चढवला. एक संदेश प्रवाहाच्या दिशेत आणि दुसरा त्याच्या जोरात ठेवला, आणि हे दोन्ही बाजूंनी केलं. एका तारेवर चार संदेश झाले. या शोधाच्या मालकीवरून वेस्टर्न युनियन ही तारकंपनी आणि उद्योगपती जे गूल्ड यांच्यात जे खटले चालले ते आज बाजूला ठेवू. मला थांबायचं आहे ते एमिल बोदोपाशी.

बोदो १८४५ मध्ये फ्रान्समधल्या मान्यो या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. १८६९ मध्ये तो तारखात्यात लागला. तिथे त्याला मोर्सचं यंत्र आणि अक्षरं छापणारं ह्यूजचं यंत्र शिकायला मिळालं. बाकी वीज आणि यंत्रशास्त्र तो फावल्या वेळात स्वतः शिकला. १८७४ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं, १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर ती सुरू झाली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं.

त्याने काय केलं, ते आपल्या तालाच्या भाषेत चटकन सांगता येतं. समजा, चार तारकर्मचारी आहेत आणि तार एकच आहे. बोदोने एक गोल चकती घेतली, तिच्या कडेला धातूचे तुकडे बसवले आणि त्यांवरून एक ब्रश फिरत ठेवला. ब्रशची एक फेरी म्हणजे एक आवर्तन. आवर्तनाचे चार विभाग, प्रत्येक विभाग एका कर्मचाऱ्याचा, आणि प्रत्येक विभागात पाच मात्रा. मात्रेवर प्रवाह एका दिशेचा किंवा दुसऱ्या दिशेचा. पाच मात्रांतून बत्तीस वेगवेगळ्या रचना होतात, म्हणजे मुळाक्षरांना पुरून उरतात. ब्रश मिनिटाला सुमारे १८० फेऱ्या मारी. प्रत्येक कर्मचाऱ्याला दर फेरीत एक अक्षर पाठवता येई, म्हणजे मिनिटाला साधारण तीस शब्द. चौघांचे मिळून एकशेवीस, तेही एकाच तारेवर.

पण आवर्तनाला सम लागते. पलीकडच्या ठाण्यातला ब्रश अगदी त्याच क्षणी त्याच मात्रेवर असला पाहिजे. तो एका विभागाने मागे राहिला तर पहिल्याचा निरोप दुसऱ्याच्या पट्टीवर छापला जाईल. तार ठणठणीत असेल, वीज चोख असेल, तरीही निरोप चुकीच्या माणसाकडे जाईल. म्हणून बोदोने काही मात्रा कोणाच्याच निरोपाला दिल्या नाहीत. त्या फक्त दोन्ही ब्रश जुळते ठेवण्यासाठी राखल्या. वरवर पाहता हा अपव्यय आहे. महागड्या तारेतला वेळ निरोपाविना खर्च करायचा! पण त्या थोड्या मात्रांशिवाय बाकीच्या सगळ्या मात्रा निरर्थक होतात. एकाच वाटेवर अनेकांनी नांदायचं असेल तर वाटेचा थोडा भाग कोणाच्याच मालकीचा नसावा लागतो. हा नियम पुढच्या प्रत्येक यंत्रात टिकला.

या यंत्रावर बसणाऱ्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण इतिहास शोधकाचं नाव घेऊन पुढे जातो. त्याच्यासमोर पाच कळा असत, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. अक्षराची रचना एकदम दाबायची. ब्रश पुढे सरकेपर्यंत कळा अडकून राहत, मग टक्‌ असा आवाज होऊन सुटत. त्या आवाजावर पुढचं अक्षर. लवकर नाही, उशिरा नाही. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात विचार करायचा, बोटं जुळवायची आणि दाबायचं. हे तासन्‌तास. चार अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसून चार वेगळे निरोप पाठवताहेत, एकाला पुत्रजन्म, दुसऱ्याला कापसाचा भाव, आणि चौघांच्या बोटांना एकच ठेका. यंत्राने माणसाला आपल्या लयीत ओढलं, आणि ही किंमत त्या कर्मचाऱ्यांनी शरीराने मोजली. १९०१ मध्ये न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे या पत्रकाराने टाइपरायटरसारखा कळफलक आणि मध्ये भोकं पाडलेली कागदी पट्टी आणली. माणसाने आपल्या सोयीने टंकावं आणि पट्टीने यंत्राची लय सांभाळावी. बोदोच्या शोधाइतकंच मोल मी या कागदी पट्टीला देतो. बोदो १९०३ मध्ये गेला. त्याच्या नावावरून संकेतवेगाच्या एककाला बॉड म्हणतात.

वेळ वाटून घेणं ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा स्वर वाटून घेण्याची, आणि तिच्या पोटातून अगदी अनपेक्षित अपत्य बाहेर आलं. बोस्टनमध्ये मूकबधिरांना शिकवणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल १८७० च्या दशकात ‘हार्मोनिक’ तारायंत्राच्या मागे होता. प्रत्येक निरोपाला वेगळा सूर द्यायचा, सगळे सूर एका तारेत सोडायचे, आणि पलीकडे त्या त्या सुराला जुळवलेली पोलादी पट्टी आपापला सूर उचलेल, ही कल्पना. भांडवल पुरवणाऱ्या गार्डिनर हबर्डला हेच हवं होतं, कारण एका तारेवर अनेक निरोप म्हणजे पैसा.

२ जून १८७५ रोजी एका खोलीतली पट्टी अडकून बसली. मदतनीस टॉमस वॉटसनने ती बोटाने छेडली. दुसऱ्या खोलीत बेलने ऐकला तो नुसता टक्‌टकाट नव्हता. छेडलेल्या पट्टीचा सूर त्याच्या सगळ्या झणत्कारासह आला होता. स्क्रू जास्त घट्ट झाल्याने संपर्क तुटत नव्हता. प्रवाह तोडून-जोडून पाठवण्याऐवजी तो आवाजाबरोबर अखंड हेलकावत होता. ज्या तारेवरून असा सूर जातो, तिच्यावरून माणसाचा आवाजही जाईल. ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचं प्रसिद्ध पेटंट मिळालं तेव्हा त्याचं शीर्षक होतं ‘तारायंत्रातील सुधारणा’, आणि त्यात एका तारेवरून अनेक निरोप पाठवण्याचाही दावा होता. हबर्डचे पैसे टेलिफोनसाठी नव्हते. एका तारेवर गर्दी कशी मावेल हे शोधताना तो सापडला.

स्वर वाटण्याची बेलची कल्पना आवाजासाठी प्रत्यक्षात यायला चाळीस वर्षं लागली. जॉर्ज कँपबेल या अमेरिकन अभियंत्याने गाळणी बनवली, ठराविक पट्ट्यातल्याच कंपनसंख्या जाऊ देणारी फिल्टर मंडलं. प्रत्येक संभाषणाला ४ किलोहर्ट्झची पट्टी द्यायची, ते उचलून वरच्या कंपनसंख्येवर बसवायचं, आणि पलीकडे गाळणीने वेगळं करून पुन्हा खाली आणायचं. बारा संभाषणांचा एक गट ६० ते १०८ किलोहर्ट्झमध्ये बसे आणि असे पाच गट मिळून साठांचा एक महागट. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या काळात गावाच्या एक्सचेंजमधली ‘कॅरिअर रूम’ म्हणजे हीच यंत्रणा. साधा, अर्जंट, लाइटनिंग अशी वर्गवारी होती, कारण चॅनल मोजके होते. कॉल बुक करून माणसं तासन्‌तास ताटकळत बसत, तेव्हा ती वाट पाहत असत अशाच एखाद्या चार किलोहर्ट्झच्या पट्टीची. ही पद्धत अनेक दशकं जगाचा भार वाहत राहिली. पण तिच्यात एक खोट होती. लांबच्या वाटेवर आवाज क्षीण झाला की तो वाढवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर वाटेत शिरलेला खरखराटही वाढतो. प्रत्येक टप्प्यावर तो साठत जातो.

हे कोडं ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये, आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९३७ च्या सुमारास सोडवलं. त्याने आवाज पाठवणंच बंद केलं. आवाजाची मोजमापं घ्यायची आणि फक्त आकडे पाठवायचे. आकड्यातला शून्य किंवा एक वाटेत कितीही मळला तरी ओळखता येतो, आणि ओळखला की नवा कोरा करून पुढे धाडता येतो. त्यामुळे खरखराट साठत नाही. या पद्धतीला पीसीएम म्हणतात. त्या काळच्या निर्वात नळ्यांवर हे परवडणारं नव्हतं. ट्रान्झिस्टर येईपर्यंत रीव्हजचं पेटंट जवळपास निष्फळ राहिलं.

१९६२ मध्ये शिकागो परिसरात बेल कंपनीने टी-वन नावाची पीसीएम यंत्रणा सुरू केली, आणि तिचं कारण पुन्हा अगदी जमिनीवरचं होतं. शहराच्या रस्त्याखालचे केबलीचे नळ भरून गेले होते. नवे खणायचे तर खर्च अफाट. जुन्या तांब्याच्या जोड्यांवर दर ६००० फुटांना जिथे आधीच आवाज टिकवणाऱ्या गुंडाळ्या बसवलेल्या होत्या, तिथेच आकडे ताजे करणारी यंत्रं बसवली, आणि दोन जोड्यांवर २४ संभाषणं चालू लागली. रस्ता न खणता शहराची टेलिफोन क्षमता वाढली.

युरोपने आणि आपण ३० संभाषणांची घडण स्वीकारली. इथे मला बोदोची चकती पुन्हा दिसते, फक्त ती आता डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात. म्हणजे आवर्तन १२५ मायक्रोसेकंदांचं. त्यात ३२ घरं, आणि प्रत्येक घरात ८ बिटं. तीस घरं तीस बोलणाऱ्यांची, एक घंटी, डायल अशा खुणांसाठी, आणि एक समेसाठी. या समेच्या घरात एकाआड एका आवर्तनात ०,०,१,१,०,१,१ हे ठराविक चिन्ह येतं. सेकंदाला २०,४८,००० बिटांच्या अखंड धारेत पलीकडचं यंत्र हे चिन्ह शोधतं. सापडलं, पुन्हा ठरल्या जागी सापडलं, तर सम पकडली आणि तीसही संभाषणं आपापल्या घरी गेली. सम सुटली तर तिसांचं बोलणं एकदम विस्कटतं, आणि यंत्र एकेक बिट सरकत पुन्हा शोध घेऊ लागतं. खात्यात ट्रान्समिशनवर काम केलेल्या प्रत्येकाने हा अलार्म पाहिलेला आहे. तार धड असते, संकेत पोहोचत असतो, फक्त सुरुवात कुठे आहे ते हरवलेलं असतं.

आतापर्यंत मी सांगितलेल्या सगळ्या यंत्रांत एक न्याय आहे. तुमचं घर तुमचंच. तुम्ही बोलत नसलात तरी ते दुसऱ्याला दिलं जात नाही. पण माणूस फोनवर निम्म्याहून अधिक वेळ गप्पच असतो, कारण तो ऐकत असतो. १९५६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल टाकली गेली तेव्हा तिच्यात ३६ चॅनल होते, आणि ते लगोलग अपुरे पडले. १९६० मध्ये बेल कंपनीने ‘टासी’ नावाचं यंत्र बसवलं. एखादा गप्प झाला की त्याचा चॅनल काढून बोलणाऱ्याला द्यायचा, तो पुन्हा बोलू लागला की मोकळा असेल तो द्यायचा. केबलची क्षमता जवळपास दुप्पट झाली. मात्र फार जण एकदम बोलू लागले तर एखाद्याच्या शब्दाची सुरुवात कापली जाई.

हा बदल मला या इतिहासातला सर्वांत खोल बदल वाटतो. इथे पहिल्यांदा हक्काच्या जागेऐवजी शक्यतेवर भरवसा ठेवला. सगळे एकदम बोलणार नाहीत, हे गृहीत धरलं. आजचं इंटरनेट याच गृहीतावर उभं आहे. माहितीची पाकिटं येतील तशी एकाच वाटेवर सोडायची, गर्दी झाली तर रांग, रांग भरली तर पाकीट टाकून द्यायचं. स्वस्त इंटरनेट यामुळेच शक्य झालं, आणि मी त्याचं स्वागत करतो. पण रांग आली की रांगेत पुढे कोण, हा प्रश्न येतो. पूर्वी त्याचं उत्तर यंत्राच्या रचनेतच असे, तिसांना तीस घरं. आता ते एखाद्या कंपनीच्या कार्यालयात ठरवता येतं. १०८ ची रुग्णवाहिका आणि क्रिकेटचं थेट प्रक्षेपण एकाच वाटेवर असतील तेव्हा कोणाला आधी सोडायचं, हे नागरिकांना माहीत असलं पाहिजे, आणि त्यावर त्यांना बोलताही आलं पाहिजे.

काचतंतूंबद्दल थोडक्यात सांगतो. एका तंतूत वेगवेगळ्या रंगांचे लेसर सोडायचे, प्रत्येक रंगावर वेगळा संदेश, आणि पलीकडे रंग वेगळे करायचे. हे रंग डोळ्यांना न दिसणारे, १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त. कल्पना सोपी, पण बराच काळ ती महागात पडे. वाटेत प्रकाश क्षीण झाला की प्रत्येक रंग वेगळा काढून, विजेत बदलून, ताजा करावा लागे. १९८७ मध्ये साउथॅम्प्टनच्या डेव्हिड पेन यांच्या गटाने तंतूतच एर्बियम मिसळून असा प्रवर्धक दाखवला, जो सगळे रंग एकदम, वेगळे न करता वाढवतो. त्यानंतर रंग फक्त शेवटच्या टोकाला वेगळे केले तरी चालू लागलं. आज एका तंतूत ऐंशी-नव्वद रंग सहज चालतात, आणि एकेका रंगात लाखो संभाषणं मावतील एवढी जागा असते.

एवढं सगळं एका केसाएवढ्या तंतूत आल्यावर ती वाट तुटली तर काय होतं, हे आपण अनुभवलेलं आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ भूमध्य समुद्रात दोन केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट काही दिवस लंगडत चाललं. मोर्सच्या काळात तार तुटली तर एक निरोप अडायचा, आता लाखो अडतात. म्हणून अभियंत्यांनी मक्सच्या जाळ्यांना कड्याचा आकार दिला. एक बाजू तुटली तर वाहतूक सेकंदाच्या विसाव्या भागात दुसऱ्या बाजूने वळते. कागदावर हे नेटकं दिसतं. प्रत्यक्षात खर्च वाचवण्यासाठी कड्याच्या दोन्ही बाजू बऱ्याचदा एकाच चरातून नेलेल्या असतात, आणि रस्तारुंदीकरणाचा जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडतो. घाटातल्या, कोकणातल्या, गडचिरोलीच्या गावांपुरतं बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न हाच आहे. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत येणारा दुसरा तंतू वेगळ्या रस्त्याने येतो का? ग्रामसभेत हे विचारा, तहसीलदारांना विचारा. नकाशा मागा आणि त्यावर दोन्ही वाटा बोटाने गिरवून बघा.